रंजनाची शेवटची चढाई

रंजना दोन्ही पायांवर एकदम कधी उभी राहिली नाही. भाजीच्या गाडीपाशी, बँकेत, माझ्या दुकानात, कुठेही बघा, एक पाय जमिनीवर आणि दुसऱ्याची टाच उचललेली. बोलता बोलता वजन या पायावरून त्या पायावर. समोरच्याला वाटायचं, हिला कुठेतरी निघायचंय आणि आपणच अडवून ठेवलंय. सुरुवातीला मलाही तसंच वाटे. मी दर पाच मिनिटांनी विचारायची, "गाडी चुकतेय का गं तुझी?" ती म्हणायची, "नाय गं ताई, मी अशीच हाय." पंधरा मिनिटं एका खुर्चीत बसलेली मी तिला आमच्या दोन वर्षांत पाहिली नाही, आणि माझ्यासारखी बूड टेकलं की न उठणारी बाई तिच्याबरोबर दोन वर्षं कशी टिकली, याचं माझ्या घरच्यांना अजून नवल वाटतं.

कर्जतला लागून दहिवलीत माझं टायपिंगचं आणि झेरॉक्सचं दुकान आहे. लोक अर्ज आणि लग्नपत्रिका फोनवरच करायला लागले तसं दुकान ओस पडू लागलं. तेव्हा पुण्याच्या माझ्या भाचीने मला एका नव्याच उद्योगाला लावलं. इंटरनेटवर एक दुनिया आहे. तिथे माणसं स्वतःसाठी एक देह निवडतात, त्याला अवतार म्हणतात, आणि तो घेऊन हिंडतात. घरं मांडतात, बागा लावतात, एकमेकांना भेटतात, फोटो काढतात. पण हा अवतार मुळात उभा राहतो तो दांडीवर वाळत घातलेल्या सदऱ्यासारखा, हात पसरून. भिंतीला टेकायचं, पायरीवर बसायचं, कमरेवर हात ठेवायचा, हे सगळं त्याला कुणीतरी बनवून द्यावं लागतं. अशा एकेका ठेवणीला पोझ म्हणतात. पडद्यावर सांगाडा असतो, त्याचं एकेक हाड धरून वळवायचं, मनासारखं झालं की त्या दुनियेतल्या आपल्या दुकानात विकायला ठेवायचं. माझ्या सासूबाईंना अजून वाटतं की मी बाहुल्यांचे कपडे शिवते, आणि मी त्यांना दुरुस्त करायचं सोडून दिलंय.

रंजना पहिल्यांदा आली ती रजेचा अर्ज टाइप करून घ्यायला. खोपोलीच्या एका कंपनीत ती पॅकिंगला होती. वय तिशीच्या पुढे, अंगाने सडपातळ, उजव्या गुडघ्याला पट्टा. माझ्या पडद्यावर तेव्हा कठड्याला रेलून उभी असलेली एक बाई होती. त्या बाईवर मी तीन दिवस घालवले होते आणि मला ती फार देखणी वाटत होती. रंजनाने अर्जाकडे बघितलंच नाही.

"ही पडंल," ती म्हणाली.

"कोण पडेल?"

"ही तुमची बाई. वजन कुठल्या पायावर हाय हिचं?"

मी म्हटलं, वजन कसलं, चित्र आहे ते. तिने पिशवी खाली ठेवली आणि झेरॉक्सला आलेल्या दोन माणसांच्या देखत माझ्या काउंटरला तशीच रेलून उभी राहिली. "आता बगा. माजं सगळं वजन या खुब्यावर आलं. म्हणून हा खांदा खाली गेला, मान तिकडं गेली. तुमच्या बाईचे दोनी खांदे बरोबरीत. असा माणूस फक्त तिरडीवर असतो." ती दोन माणसं हसली. मला राग आला, पण ती गेल्यावर मी खांदा खाली घेतला, मान वळवली, आणि पडद्यावरच्या बाईने श्वास सोडल्यासारखं मला वाटलं. आठवड्याने मी तिला फोन केला. दोन महिन्यांनी तिने कंपनी सोडली आणि माझ्याकडे कामाला आली. एका जागी आठ तास उभं राहून डबे चिकटवणं तिच्या जिवावर आलं होतं. पहिल्या दिवशी ती मला "तुमी" म्हणत होती, चौथ्या दिवशी "तू" म्हणायला लागली.

तिने येताच टेबलाच्या पायांखाली चार-चार विटा घातल्या आणि उभ्याने काम सुरू केलं. कॉम्प्युटर तिला येत नव्हता, पण हाडं येत होती, आणि हाडं येणाऱ्याला बाकीचं महिन्याभरात येतं. तिची एक रीत होती. कुठलीही पोझ आधी ती स्वतः घ्यायची, डोळे मिटायची आणि एका दमात पुटपुटायला लागायची, "कबड्डी कबड्डी कबड्डी". दम संपेपर्यंत अंग टिकलं तर पोझ खरी. मध्येच हात थरथरला किंवा कंबर सरकली तर खोटी, मग ती कितीही छान दिसो. "एक दम टिकली पायजे," ती म्हणायची, "नायतर तो माणूस नाय, फोटो हाय." शाळेतले एक शिक्षक प्रश्नपत्रिकेच्या झेरॉक्स काढायला यायचे, त्यांनी मला हळूच विचारलं होतं की या बाई कुठला जप करतात.

एकदा एका गिऱ्हाइकाने वाट बघणाऱ्या बाईची पोझ मागितली. मी लगेच खिडकीत बसलेली, हनुवटीला हात लावलेली बाई बनवली. रंजनाने ती पुसून टाकायला लावली. "वाट बगणारी बाई बसंल का गं? ती दारात जाईल, परत येईल, पदर नीट करंल, परत जाईल." तिने एकाऐवजी आठ पोझ केल्या. दाराच्या चौकटीला हात, एक पाय उंबऱ्याबाहेर, मान रस्त्याकडे. पुढच्या पोझमध्ये पाठ फिरलेली, पण मान अजून मागेच. आमच्या दुकानात त्या संचाइतकं दुसरं काहीच खपलं नाही. कुठल्या कुठल्या देशांतल्या बायका आमच्या रंजनासारख्या दारात येरझाऱ्या घालताना पाहिल्या की मला उगीचच अभिमान वाटायचा.

तिच्या कबड्डीचा उलगडा मला झाला तो साखळीमुळे. तिने एक मोठा संच बनवला होता: सात जणी, हातात हात घालून, गुडघ्यात वाकलेल्या, चढाई करणारीला घेरायला निघालेल्या. त्यावर तिने जीव ओतला होता. "मनगट धरायचं, बोटं नाय, बोटं निसटतात," असं म्हणत प्रत्येकीची पकड तिने वेगळी बसवली. तो संच कोणी घेईल असं मला वाटलं नव्हतं. पण तो भराभर खपू लागला, आणि मग एका गिऱ्हाइकाने कौतुकाने फोटो पाठवला. त्या दुनियेतलं लग्न होतं. गुलाबी झगे घातलेल्या सात करवल्या, एकमेकींची मनगटं आवळून, दबा धरून, पांढऱ्या कपड्यातल्या नवरीला घेरून उभ्या होत्या. कबड्डी काय हेच त्यांना ठाऊक नव्हतं, त्यांना तो मैत्रिणींचा फेर वाटला होता. रंजना इतकी हसली की तिला गुडघा धरून वाकावं लागलं. "नवरी बाद," ती म्हणाली. मग पिशवीतून प्लॅस्टिकच्या पाकिटात घातलेला एक फोटो काढून तिने माझ्यापुढे ठेवला.

फोटो पंधरा वर्षांपूर्वीचा, खालापूरकडच्या एका गावच्या मैदानावरचा. अंतिम सामना, शेवटची चढाई, रंजनाचा संघ एका गुणाने मागे. रंजना पलीकडे गेली, परतताना एकीने तिचा डावा घोटा धरला, आणखी दोघी अंगावर पडल्या आणि उजव्या गुडघ्यात काहीतरी कडकन तुटलं. दम चालू होता. पडता पडता तिने मध्यरेषेकडे हात फेकला. बोट रेषेला लागलं असेल तर तिन्ही पकडणाऱ्या बाद आणि सामना यांचा. लागलं नसेल तर रंजना बाद. धुरळा उडालेला, पंच उलट्या बाजूला. रेषेच्या अगदी लगत उभी होती ती रंजनाचीच कर्णधार, सुनंदा. पाचवीपासून एका डब्यात जेवलेली मैत्रीण. पंचांनी तिला विचारलं, "तुम्ही जवळ होतात, तुमच्या शब्दावर सोडतो. लागला का हात?"

सुनंदा म्हणाली, "नाय लागला."

"पंचानं बाद दिलं असतं तर मी गप बसले असते," रंजना मला म्हणाली. "पंच परका. पण हिनं दिलं. आणि मग टेंपोतनं दवाखान्यात नेताना माजं डोकं मांडीवर घेऊन रडत व्हती." गुडघा पुन्हा खेळण्याजोगा झाला नाही. सुनंदा तीनदा घरी येऊन गेली, तिन्ही वेळा रंजनाने आतून कडी लावली. पुढे सुनंदा लग्न होऊन चौक गावाजवळ गेली. दोघींच्या घरांमध्ये एका एसटीचं अंतर, पण त्यांच्यात एक शब्द झालेला नव्हता.

मी विचारलं, "पण तुला नक्की ठाऊक आहे ना, लागला होता?"

"माजं बोट हाय. मला नाय कळणार?" एवढं बोलून ती टेबलाभोवती फिरली, परत आली, आणि खालच्या आवाजात म्हणाली, "गुडघ्यात एवढी कळ निघालेली, ताई. बोटाचं कुठलं कळतंय."

म्हणजे ती ज्या एका गोष्टीसाठी पंधरा वर्षं मैत्रिणीशी बोलली नव्हती, ती गोष्ट तिला स्वतःलाच ठाऊक नव्हती. ही टाच का टेकत नाही, हे मला त्या दिवशी कळलं.

फोटोत तिचा धरलेला पाय दिसत होता, मोडणारा गुडघा दिसत होता, फक्कीची पांढरी रेषा दिसत होती. फक्त हात दिसत नव्हता, तो दोघींच्या अंगाआड गेला होता. रंजनाने ठरवलं, ती पोझ बनवायची. आपल्याच मापाचा अवतार घ्यायचा, हाड न् हाड फोटोप्रमाणे लावायचं, आणि लपलेला हात कुठवर जातो ते बघायचं. मी शिंप्याकडून टेप आणली आणि खांद्यापासून बोटाच्या टोकापर्यंत तिचा हात मोजला. आकडा मीच भरला.

पाय रेषेपासून किती लांब होता, हे कळायला फोटोत एकच खूण होती, रेषेवर टेकलेला पंचांचा बूट. तिने पंचांचा नंबर मिळवला आणि फोन करून एकदम विचारलं, "सर, तुमच्या बुटाचा नंबर किती?" कुणीतरी फसवतंय असं वाटून त्यांनी फोन ठेवून दिला. मग ती शिळफाट्याला त्यांच्या घरी जाऊन धडकली. त्यांनी चहा दिला, बूट मोजू दिला आणि विचारलं, "कुठला सामना म्हणालात?" परत आली तेव्हा चेहरा पडला होता. "त्याला आठवत बी नाय, ताई. माज्या पायाचं वाटोळं झालं आणि त्याला सामना आठवत नाय." मग लगेच हिशोबाला लागली. पाय रेषेपासून साडेसहा बूट लांब होता.

दीड महिना तिने तेवढी एकच पोझ केली. दुकानात झेरॉक्स मशीन आणि दार यांच्यामधल्या जागेत ती आडवी पडायची आणि मला म्हणायची, "घोटा धर. जोरात ओढ. सैल सोडलंस तर पोझ खोटी." मी तिचा घोटा धरून बसलेली, ती फरशीवर हात फेकतेय, दारात अर्ज घेऊन आलेली माणसं परत फिरतायत. मला तिच्या गुडघ्याची धास्ती वाटायची, तिला कशाचीच नाही. दुपारचा डबा उभ्यानेही खायची नाही, फिरत फिरत खायची. इतर कामं पडून राहिली, गिऱ्हाइकं कुरकुरली. मी चिडायची आणि दुसऱ्या दिवशी परत घोटा धरून बसायची.

एका संध्याकाळी सगळी हाडं लागली. आता फक्त तो देह रेषा आखलेल्या जमिनीवर आणून ठेवायचा बाकी होता. रंजनाने हात पुढे केला आणि मागे घेतला. "आज नको. उद्या सकाळी. ताज्या दमानं." आणि खोपोलीची एसटी गाठायला गेली.

मला राहवलं नाही. मी तो देह जमिनीवर ठेवला. पाय फोटोतल्या जागी, गुडघा तसाच, खांदा ताणलेला, हात पुढे. बोट रेषेच्या अलीकडे थांबलं. चार बोटं अलीकडे. मी पुन्हा सगळं तपासलं. पुन्हा चारच बोटं.

 त्या अवताराच्या मापांत हाताच्या लांबीचा जो आकडा मी भरला होता, तो थोडासा वाढवला. बोट रेषेवर टेकलं. मला वाटलं, तिला बरं वाटेल, तिची टाच एकदाची टेकेल, हे प्रकरण मिटेल, आणि आम्ही परत पायऱ्यांवर बसलेल्या बायका बनवायला लागू. दुकान बंद करून मी घरी गेले आणि पोटभर जेवले.

सकाळी रंजनाने पडद्याकडे पाहिलं. ओरडेल, नाचेल असं मला वाटलं होतं. ती माझ्या खुर्चीत बसली, आणि चांगली दहा मिनिटं बसून राहिली. मी मनात म्हटलं, चला, सुटलो. मग ती उठली आणि म्हणाली, "चल ताई. चौकला."

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी समजत होते, तिला फक्त कळायला हवंय. मी म्हटलं, "आता कशाला गं? तुला कळलं ना, बास झालं." ती म्हणाली, "मला कळून काय उपयोग? तिला कळायला पायजे." गाडीत अर्ध्या जागा रिकाम्या होत्या, तरी ती दांडा धरून उभीच राहिली. कर्जत ते चौक या रस्त्यावर मी चार वेळा तोंड उघडलं आणि चारही वेळा काहीतरी भलतंच बोलले. एकदा तर तिला विचारलं की पाण्याची बाटली घेतलीस का.

सुनंदा अंगणात उन्हात मिरच्या पसरत होती. जाडजूड, केस पांढरे व्हायला लागलेली. रंजनाला बघून ती उठली, हात पदराला पुसले, पण या म्हणाली नाही आणि जा म्हणाली नाही. रंजनाने पडद्यावरच्या पोझचा फोटो फोनवर घेतला होता, तो सरळ तिच्यापुढे धरला. काय आहे, कसं बनवलं, बूट कसा मोजला, सगळं एका दमात सांगितलं. सुनंदाने फोन हातात घेऊन बघितलं.

"हा हात कुणी मोजला?" तिने विचारलं.

"ताईनं मोजलाय, टेपनं."

"मग बरोबरच असंल," सुनंदा म्हणाली. तिने फोन परत दिला.  "पंधरा वर्षं मी सोताला सांगत आले, मी नीट बगितलं, मी नीट बगितलं. चुकलं गं माजं, रंजे. तुजा खेळ गेला आणि वर तुला खोटी पाडली मी." आणि ती रंजनाच्या गुडघ्याला हात लावायला वाकली.

ते मला बघवलं नाही. मी म्हटलं, "हात खोटा आहे. मी लांबवलाय."

दोघी माझ्याकडे वळल्या. मी सगळं सांगितलं, काल संध्याकाळचं, आकड्याचं, चार बोटांचं.  रंजनाने फोनवरची ती बाई आणि स्वतःचा उजवा हात शेजारी शेजारी धरून पाहिलं.

"किती कमी पडतंय?"

"चार बोटं."

ती सुनंदाला म्हणाली, "म्हंजे तू खरं बोललीस."

"मला तवा खरं बोलून कुठं आनंद झालता," सुनंदा म्हणाली, आणि अंगणातच बसून रडायला लागली. रंजना तिच्याशेजारी खाली बसली. दुखरा गुडघा लांब पसरून, दोन्ही टाचा जमिनीला लावून. कोण कुणाला धरून होतं ते सांगता येणार नाही, पण धरलेलं मनगट होतं.

मी तिथेच उभी होते. निघताना मी म्हटलं, "रंजू, तुझ्यासाठी केलं गं. तुला वाईट वाटू नये म्हणून." ती माझ्यावर ओरडली असती तर फार बरं झालं असतं. तिने शांतपणे वर पाहिलं.

"हिनं मला बाद दिलं, तवा मला राग आलता, ताई. तू तर मला बादच होऊ दिलं नाहीस. त्याचा जास्त येतोय."

सुनंदाने तिला जेवायला ठेवून घेतलं. मी एकटी परतले.

तिच्याकडची दुकानाची किल्ली तिने दुसऱ्या दिवशी कुणाच्या तरी हाती परत पाठवली. चौककडची माणसं झेरॉक्सला येतात तेव्हा सांगतात, दोघी संध्याकाळी पोरींना कबड्डी शिकवतात, पोरी चांगल्या तयार होतायत. रंजनाच्या पोझ अजून खपतात. मी हाताचा आकडा परत होता तसा केला आणि तसं तिला फोनवर लिहून कळवलं. उत्तर आलं नाही. सणाला फोन केला, उचलला नाही. खरं बोलणाऱ्या मैत्रिणीशी तिने पंधरा वर्षं अबोला धरला होता. मी तर खोटं केलं, आणि आता कुठे आठ महिने झालेत.